निरोपाची मुदत

सर्व्हर ठेवला मिठाच्या कोठाराशेजारच्या फडताळात,
जिथे आधी गमबूट वाळत.
कुलपाची एक किल्ली माझ्याकडे, एक होग्नीकडे,
आणि होग्नी किल्ल्या हरवतो
हे सगळ्या क्लाक्सविकला माहीत आहे.

बाहेरच्या कंपनीचं ॲप नको, असं बैठकीत ठरलेलं.
आपलं बोलणं आपल्या छपराखाली राहू दे,
वादळात समुद्रातली केबल तुटली तरी
कापणीवाल्यांना पॅकिंगला "थांबा" म्हणता यावं.
दोन दिवसांत एकशे बारा खाती उघडली मी.
म्हाताऱ्या सिगेर्टने पासवर्ड म्हणून बोटीचं नाव दिलं,
जी त्याच्या दारात, नावासकट, पालथी पडलेली असते.
नको म्हटलं.
मग त्याने बुडालेल्या बोटीचं दिलं.
ते चालवून घेतलं.

खोल्या केल्या: बर्फ, ट्रक, सुट्ट्या, हरवलं-सापडलं.
आणि दोघादोघांपुरत्या खासगी खिडक्या,
त्यांच्या चाव्या ज्याच्या त्याच्या फोनात.
मला दिसतं एवढंच,
कोण, कोणाला, किती वाजता.
पत्र नाही, नुसतं पाकीट.
पण पाकिटंही बोलतात.
रात्रपाळी सुटल्यावर, पाच वाजून वीसच्या सुमाराला,
बोगद्यापलीकडे राहणाऱ्या बायका
एकमेकींना एकेक निरोप पाठवतात. लहानसा.
तो वाचायला चावी लागत नाही.

ऑगस्टात नवे व्यवस्थापक फडताळापाशी आले.
कोपनहेगनचे, सभ्य, पावसाने निथळत.
म्हणाले, दोघंजण युनियनचं काहीतरी कुजबुजताहेत,
जरा बघता येईल?
येत नाही, म्हटलं.
येत नाही, की बघायचं नाही?
येत नाही अशी सोय मीच करून ठेवली आहे, म्हटलं,
कारण कधीतरी कोणीतरी विचारणार
आणि एखाद्या दमलेल्या संध्याकाळी मी हो म्हणणार.
कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून
कुंपणाचे दात काढलेत.
ते हसले नाहीत.
मीही विनोद केला नव्हता.

मग मुदतीवरून घासाघीस.
वरच्यांना सगळं कायमचं हवं,
खालच्यांना दुसऱ्या दिवशी काहीच उरायला नको.
शेवटी नव्वद दिवस.
नव्वदावा उलटला की पहाटे तीनला
एका ओळीची आज्ञा उठते, झाडू मारते,
आणि कोण कोणाला काय म्हणालं
ते समुद्रात जात नाही, मातीत जात नाही.
नसतं, इतकंच.

हे सगळं सांगते आहे
कारण आज नव्वदावा दिवस.

सप्टेंबरात वजनकाट्याचे आकडे चुकले. चूक माझी.
आणि सगळ्या पट्ट्यासमोर मी रान्वाचं नाव घेतलं.
त्या रात्री तिच्या खिडकीत तीन ओळी टाकल्या.
तीन ओळींना चाळीस मिनिटं लागली.
खूण अजून करडीच: पोहोचला. उघडला नाही.
की पडद्यावरच्या पट्टीतूनच वाचून सोडून दिला,
ते माझ्याच यंत्रणेला कळत नाही,
आणि याच गोष्टीचा मला अभिमान होता.

नव्वदचे शंभर करायला चार कळा पुरतात.
एकशे बारा जणांत कोणाला पत्ताही लागला नसता.
बोट ठेवून पाहिलं.
मागे होग्नी, खिसे चाचपत, किल्ली शोधत.
माझी घे, म्हटलं, आणि फडताळ लाव.

खाली गेले. केसांवर जाळी, हात धुतले, पुन्हा धुतले.
रान्वा तिसऱ्या पट्ट्यावर, मुठीत सुरी,
कानांवर ती मोठाली निळी टोपणं.
मी बोलले.
रावस पुढे सरकत राहिले, एकामागे एक, उघड्या डोळ्यांनी.
तिने मनगटाने एक टोपण वर केलं.

"काय?"

मग परत म्हणावं लागलं,
यंत्रांच्या वरताण आवाजात.
सिगेर्टने मान वळवली.
त्याच्या पलीकडच्यानेही.